चुलीखालची, बंबाखालची फरशी दरवर्षी फुटते? नवी आणण्याआधी हे बघा

थंडी पडली की कोल्हापुरात परसातले बंब पेटतात, आखाडात गच्चीवरच्या पत्र्याखाली चुली पेटतात, आणि दोन्हीनंतर मला एकच प्रश्न येतो: "चुलीखालची फरशी परत फुटली. आता कुठली घालू?" साधी टाइल फुटली म्हणून व्हिट्रीफाइड घातलेली असते. ती फुटली म्हणून ग्रॅनाइट. ग्रॅनाइटला तडा गेल्यावर कुणीतरी फायर ब्रिक, म्हणजे भट्टीची जाळ सोसणारी वीट, घाल म्हणून सांगितलेलं असतं. दरवेळी खर्च वाढतो, फुटायचं काही थांबत नाही.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या भट्ट्यांना आतून अस्तर करायचं, म्हणजे लायनिंगचं काम करतो. १४०० अंशांच्या वितळलेल्या लोखंडाशी रोजचा संबंध, त्यामुळं "घरच्या चुलीचं काय एवढं तुम्हाला" असं लोकांना वाटतं. पण घरची चूलच जास्त अडचणीची. भट्टीखाली काय आहे ते आम्हाला पक्कं माहीत असतं. गच्चीवरच्या चुलीखाली टाइल, टाइलखाली मसाला, मसाल्याखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यात कुठंतरी वॉटरप्रूफिंग, मग स्लॅब, आणि स्लॅबखाली घरातल्याच कुणाचीतरी खाट.

एक गोष्ट आधी डोक्यात बसली पाहिजे. आग सोसणं वेगळं आणि आग अडवणं वेगळं. तवा वर्षानुवर्षं आगीवर टिकतो, म्हणून काही तो फडक्याशिवाय हातात धरता येत नाही. फायर ब्रिकचंही तेच आहे. ती हजार-बाराशे अंशांना हलत नाही, पण भरीव फायर ब्रिकमधून उष्णता खाली जाते ती साध्या भाजलेल्या विटेपेक्षा जास्तच. ग्रॅनाइटमधून तर साध्या विटेच्या तिप्पट-चौपट वेगानं जाते. म्हणून आम्ही भट्टीला एकाच जातीच्या विटा कधी लावत नाही. आगीकडं तोंड करून असते ती सोसणारी, तिच्या मागं हलकी, सच्छिद्र, अडवणारी. घरी लोक फक्त पहिलीचा विचार करतात आणि तीच आणखी महागाची शोधत राहतात.

फुटलेली फरशी आधी नीट बघा

फरशी उचकटून फेकून देण्याआधी पाच मिनिटं खाली बसा आणि ती कशी फुटलीय ते बघा. तडा कुठून निघालाय, कुठं गेलाय, आवाज कसा येतो. निम्मं निदान तिथंच होतं.

चुलीच्या बरोबर खालून तडे निघून चारी बाजूंना पसरले असतील तर ते उष्णतेचं काम. मधला भाग तापून फुगतो, कडा थंडच असतात, त्या फुगू देत नाहीत. २ बाय २ फुटाची टाइल १०० अंशांनी तापली तर साधारण ०.४ मिलिमीटर वाढते. हा आकडा किरकोळ वाटतो, पण सांधे गच्च भरलेले असले आणि चारी बाजूंनी तसल्याच टाइला असल्या तर तेवढी जागासुद्धा तिला मिळत नाही. मग एकतर तडकते नाहीतर उचलते.

टाइल अख्खी आहे, पण नाण्यानं टकटक केल्यावर पोकळ वाजते, चालताना डुगडुगते? तिची खालच्या मसाल्यावरची पकड सुटलीय. टाइल आणि सिमेंटचा मसाला सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, मसाला जास्त फुगतो. चार-सहा महिने तापणं-निवणं चाललं की दोघांची सोयरीक मोडते. चिकटवायला केमिकल वापरलं असेल तर आणखी लवकर, कारण त्यातला पॉलिमर उष्णतेनं मऊ पडतो. सांध्यात इपॉक्सी भरली असेल तर ती आधी पिवळी पडेल, मग सुटेल. चुलीपाशी इपॉक्सी घालूच नका.

शहाबादीचे वरून पातळ पापुद्रे, बशीसारखे खपले निघत असतील तर मुख्य गुन्हेगार पाणी. शहाबादी काय, कडप्पा काय, दोन्ही चुनखडीचेच दगड. शहाबादी तर थराथराची. थरांत ओल मुरलेली असते, वर जाळ लागला की तिची वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला वाट नसते. पंचगंगेच्या घाटावरून तीन गोल धोंडे आणून त्यांची चूल मांडणाऱ्यांनी हेच लक्षात ठेवावं. नदीतला ओला धोंडा जाळावर ठेवला तर फटाक्यासारखा फुटू शकतो, आणि तो समोर बसलेल्याच्या तोंडावर फुटतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्या परसातल्या फरशीखालचा भराव वरून कोरडा दिसत असला तरी आतून कित्येक महिने ओलाच होता. तशात बंब पेटवला की फरशी उडालीच म्हणून समजा.

तडा चुलीच्या पायाजवळून सरळ रेषेत गेलाय? मग उष्णतेला कशाला दोष द्यायचा. लोखंडी चुलीचे चार बारीक पाय, वर पाण्यानं भरलेला हंडा नाहीतर मटणाचं पातेलं, आणि खाली पोकळ बसलेली टाइल. सगळा भार चार ठिपक्यांवर येतो. पायाखाली हातभर लांबीच्या लोखंडी पट्ट्या टाकल्या तरी हे थांबतं.

चुलीच्या तोंडासमोरची फरशी फुटत असेल तर स्वयंपाक झाल्यावर चूल कशी विझवता ते आठवा. बहुतेक घरांत तांब्याभर पाणी ओततात. तापलेल्या फरशीवर गार पाण्याचा तो हिसका दगडालासुद्धा सोसत नाही. लाकडं मागं ओढून राखेत दाबा, वाळू टाका. पाणी टाकायचंच असेल तर लाकूड बादलीत नेऊन विझवा.

आणि तडा चुलीपासून सुरू होऊन चार-पाच टाइला पार करून थेट भिंतीपर्यंत गेला असेल, तर चुलीला बोल लावू नका. तो खालच्या स्लॅबचा किंवा भरावाचा तडा आहे, वर उमटलाय. त्यासाठी इंजिनिअरला बोलवा.

चुलीची आग हिवाळ्यातली, गळती जुलैतली

उचगावातल्या एका ओळखीच्या घरी गेल्या पावसाळ्यात बोलावलं होतं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत पंख्याच्या हुकाशेजारून पाणी ठिबकत होतं. गवंड्यानं दोनदा गच्चीचे सांधे भरून दिले होते. घरातल्या आजींचं म्हणणं, "टाकीच गळतीया, दुसरं काय." मी वर जाऊन बघितलं तर गळतीच्या बरोबर डोक्यावर चूल. चुलीखाली चकचकीत व्हिट्रीफाइड टाइल, एकाही टाइलला तडा नाही.

मालक म्हणाले, "ओ दादा, टाइल तर ठणठणीत हाय की."

टाइल उचलली. खालचा मसाला बोटानं उकरला तर भुगा होऊन हातात आला, इंचभर खोलीपर्यंत. त्याच्या खालचा वॉटरप्रूफिंगचा काळा थर फुगून, करपून, ठिकठिकाणी सुटला होता. शेजारच्या, चुलीपासून चार फूट लांबच्या टाइलखालचा मसाला मात्र छिन्नीनंही निघेना.

यात गंमत अशी आहे की सिमेंट तापतं तेव्हा लगेच काही दिसत नाही. सिमेंट घट्ट झाल्यावर त्याच्या आत बांधलेलं पाणी असतं, ते १०० अंशांच्या पुढं हळूहळू सुटायला लागतं. ३०० च्या पुढं ताकद झपाट्यानं घटते. ४०० ते ५०० च्या दरम्यान त्यातल्या विरलेल्या चुन्याचा परत कळीचा चुना होतो. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो फुगतो, हे जुन्या गवंड्यांना सांगायला नको. म्हणजे आग लागते डिसेंबरात आणि मसाला फुगून भुसभुशीत होतो तो पहिल्या वळवात. तोवर चुलीचा आणि गळतीचा संबंध कुणाच्या डोक्यातही येत नाही. टाइल सोसणारी निघाली, तिनं काही अडवलं नाही.

जमिनीवर चूल असेल तर काम सोपं

परसात, अंगणात, गोठ्याशेजारी जमिनीवरच चूल असेल तर तिथली टाइल काढून टाका. नवी घालूच नका. चुलीच्या जागेपुरता, सभोवार फूटभर धरून, तुकडा कापून घ्या. सहा-आठ इंच खणा, खाली मुरूम धुम्मस करून घ्या, वर भाजलेल्या विटांचे तुकडे आणि त्यावर मातीचा थर. आपल्याकडं गुऱ्हाळाचं चुलवाण बघा. दिवसरात्र जाळ चालतो, पण ते जमिनीतच खणलेलं असतं. माती तापते, निवते, भेगा पडल्या तर परत लिंपून घेतात. तिथं फुटायला काही ठेवलेलंच नसतं.

मातीत शेण आणि भाताचं तूस किंवा गव्हाचा भुस्सा मळून घ्या. हे नुसत्या रिवाजापोटी करायचं नाही. वाळताना काड्या माती धरून ठेवतात, भेगा कमी पडतात. पुढं जाळ लागल्यावर काड्या जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. फौंड्रीत लागणाऱ्या इन्सुलेशन ब्रिकची युक्ती हीच. कच्च्या मालात जळून जाणारं काहीतरी मिसळायचं आणि भाजताना त्याची छिद्रं करून घ्यायची. आपल्या आज्या ती वीट घरी सारवत होत्या.

जांभा मिळत असेल, पन्हाळा-राधानगरीकडं तो मिळतोच, तर कडेनं बसवायला चांगला. मात्र त्यात पाणी खूप मुरतं, त्यामुळं पावसाळ्यानंतर पहिला जाळ मंद ठेवा. काळा पाषाण ग्रॅनाइटपेक्षा जाळाला बरा. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचे स्फटिक असतात, ते ५७३ अंशांना आपली रचना बदलतात आणि एकदम फुगतात. पाषाणात असली गारगोटी जवळपास नसतेच. तरी तोही सोसणाराच, अडवणारा नव्हे.

गच्चीवरची चूल: अधांतरी ठेवा

स्लॅबवर एकच उपाय खात्रीचा आहे, तो म्हणजे चूल आणि गच्ची यांच्यामध्ये वारा खेळता ठेवणं. जाड थर रचून उष्णता फक्त उशिरा पोचते. तासाभराचा स्वयंपाक असेल तर ते चालून जातं. पण घरात पाहुणे, तांबडा-पांढरा, वर भाकरी, असा चार-पाच तासांचा बेत असला की उष्णता जाड थरातूनही खाली उतरतेच. खालून वारा वाहत असेल तर ती स्लॅबपर्यंत पोचायच्या आधी बाहेर निघून जाते.

मी सांगतो ती पद्धत अशी. साध्या भाजलेल्या विटा लांब कडेवर उभ्या करून, म्हणजे चार इंच उंचीच्या, समांतर ओळींत मांडायच्या. दोन ओळींत तीन-चार इंच जागा. ओळींची दिशा पूर्व-पश्चिम ठेवा, आपल्याकडं बराच काळ वारा पश्चिमेचा असतो. दोन्ही टोकं उघडी ठेवा. बायका तिथं फुंकणी, जळण, चिपाडं सरकवून ठेवतात, ती सवय मोडावी लागेल. पोकळी बुजली की सगळा खटाटोप वाया, आणि खाली ठिणगी गेली तर वेगळंच प्रकरण. विटांच्या ओळींवर तीन मिलिमीटरची लोखंडी प्लेट टाका. नवी घ्यायची गरज नाही, उद्यमनगरात भंगारात मिळते. प्लेटवर इन्सुलेशन ब्रिकचा एक थर. ती मिळाली नाही तर तीन-चार इंची एएसी ब्लॉकही (बांधकामातला हलका, सच्छिद्र सिमेंटचा ठोकळा) चालतो, फक्त त्याला थेट जाळ लागू देऊ नका. त्यावर, चुलीच्या पोटाखाली तेवढ्याच जागेत, फायर ब्रिक.

"तेवढ्याच जागेत" हे मुद्दाम म्हणतोय. लोक हौसेनं अख्खा ओटा फायर ब्रिकचा करतात. नऊ बाय साडेचार बाय तीन इंचाची एक फायर ब्रिक चार किलोच्या आसपास भरते. ४ बाय साडेचार फुटाच्या जागेत साठेक विटा लागतात, म्हणजे अडीच क्विंटल. लोकांना वावरायला असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबानं भार धरतात, आणि या ओट्याचा नुसता वरचा थरच तेवढा होतो. खालच्या विटा, प्लेट, चूल, हंडा आणि भोवती जमलेली माणसं अजून हिशेबात धरलेलीच नाहीत. मधोमध दोन बाय दोन फुटाला पंधरा विटा पुरतात. ओटा शक्यतो खालची भिंत किंवा बीम जिथून जातो त्याच्या डोक्यावर घ्या, स्लॅबच्या मधोमध नको.

विटा घ्यायला गेलात की दुकानदार विचारेल किती टक्के अ‍ॅल्युमिना. तीस-चाळीस टक्क्यांची साधी वीट घरच्या चुलीला भरपूर झाली. साठ-सत्तर टक्केवाली फौंड्रीसाठी असते, तिचे पैसे देऊ नका. आणि त्या विटा फायर क्लेमध्ये, म्हणजे भट्टीच्या मातीत, बसवून देतो असं कुणी म्हणालं तर थांबवा. साधी फायर क्ले हजार अंशांच्या आसपास भाजल्याशिवाय पक्की होत नाही, चुलीखाली तेवढी ती तापत नाही, म्हणजे ती कायम मातीच राहते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. विटा कोरड्याच, अर्धा इंच वाळूवर, सांधा एकाखाली एक येणार नाही अशा बसवा. सांध्यात बारीक वाळू झाडून घ्या. त्यांना फुगायला जागा राहते आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते.

वाळू कोरडी पाहिजे. ओली वाळू कोरडीपेक्षा कित्येक पटींनी जास्त उष्णता खाली नेते, वर वाफ करते ती वेगळीच. ओट्यावर पत्रा किंवा पावसाळ्यात झाकण हवंच. प्लॅस्टिकचा कागद टाकून ठेवणारे आहेत, आणि तो काढायला विसरून पेटवणारेही आहेत.

बंब

बंबाचा त्रास थोडा वेगळा. वर पाणी असतं, त्यामुळं बंबाचं अंग फार तापत नाही. खाली जाळीतून पडणारे निखारे फरशीवर बसतात, तिथं उष्णता साचते. बाजूलाच आंघोळीचं पाणी सांडत असतं. तापलेली फरशी आणि गार पाणी, वर सांगितलंय तेच.

जाळीखाली लोखंडी पाटी किंवा जुनं घमेलं सरकवा, त्याखाली दोन-दोन विटा देऊन फरशीपासून चार बोटं उंच ठेवा. बंब तेवढाच वर उचलावा लागेल, लोहाराकडून तीन पायांचं कडं करून घ्या. पाटीतली राख रोज काढा, पण इंचभर तळाला राहू द्या. राख उष्णता अडवायला फार चांगली, आणि फुकट. मात्र ती जाळीपर्यंत भरू देऊ नका. खालून हवा कोंडली की बंबफोड, म्हणजे बंबाचं जळण, धुमसत राहतो, धूर वाढतो आणि पाणी काही तापत नाही.

काढलेली राख प्लॅस्टिकच्या बादलीत टाकू नका. वरून पांढरी, गार दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. शेणीची राख तर यात वस्ताद. झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा आणि तोही लाकडाच्या ढिगाशेजारी नको.

पुढं किती जागा सोडायची

परदेशातल्या बंद दाराच्या लाकडी स्टोव्हसाठी नियम आहेत. इंग्लंडमध्ये दाराच्या पुढं २२५ मिलिमीटर, उघड्या आगीला ३०० आणि बाजूंना १५० मिलिमीटर न जळणारी जागा लागते. अमेरिकेत जुना ठोकताळा सगळीकडून १८ इंचांचा. आपल्या चुलीला हे आकडे तोकडे पडतात. त्यांचं लाकूड आत असतं, दार बंद असतं. आपलं लाकूड हातभर चुलीबाहेर असतं, जळत जळत पुढं येतं आणि ढकलायला विसरलं की बाहेरच तुटून पडतं. निखारा पडतो तो तोंडापासून दीड-दोन फुटांवर. म्हणून समोर किमान दोन फूट, बाजूंना फूटभर. या समोरच्या जागेत पडणाऱ्या निखाऱ्यापासून फक्त बचाव करायचा असतो, तिथं साधी भाजलेली वीट किंवा पत्रा पुरतो. बसायला गोणपाट, गाद्यांचे तुकडे, प्लॅस्टिकचं पाट तिथं येणार नाही एवढं बघा.

मागं भिंत असेल तर तिच्यावरून जाणारा प्लॅस्टिकचा पाइप, वायर, मीटरची पेटी, हे बघायचं राहून जातं. गॅसची टाकी त्याच कोपऱ्यात नको, हे सांगायला लागू नये, पण मी बघितलंय.

माडीवर लाकूड असेल तर

पेठांतल्या जुन्या वाड्यांत माडीला लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर मातीचा थर आणि मातीवर फरशी असते. तिथं चूल किंवा शेगडी कायमची ठेवू नका. लाकूड एकदम पेटायला अडीचशे-तीनशे अंश लागतात हे खरं, पण महिनोन्‌महिने त्याहून कमी उष्णता मिळत राहिली तर ते आतल्या आत करपत जातं आणि मग फार कमी तापमानालाही धुमसायला लागतं. फरशीवर काहीच दिसत नाही. जाळाचा स्वयंपाक खाली परसात न्यावा, दुसरा उपाय मी सांगणार नाही.

हे घालू नका

जुने सिमेंटचे पत्रे चुलीखाली सर्रास घालतात. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. तापल्यावर ते मोठ्यानं तडकतात आणि त्यांचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोग होतो. फौंड्रीतून फुकट मिळणारं सामान हाही आपल्याकडचा खास मोह. कुणाचा ना कुणाचा भाऊ फौंड्रीत असतोच. वापरलेल्या लायनिंगच्या विटा स्लॅग (वितळलेल्या लोखंडावरचा मळ) पिऊन काचेसारख्या झालेल्या असतात, तापल्या-निवल्या की उडतात. रॅमिंग मास म्हणजे निव्वळ सिलिकाची भुकटी, ती झाडताना नाकात जाते. सिरॅमिक ब्लँकेट उघडं ठेवलं तर त्याचे तंतू हवेत उडतात. आम्ही मास्क घालून जे हाताळतो ते घरात, लेकराबाळांत कशाला? सिमेंटच्या विटा जाळाखाली ढासळतात, कारण तोच सिमेंटचा बांधलेल्या पाण्याचा घोळ. आणि लाकडासारखी दिसणारी प्लॅस्टिकची फरशी ज्यांनी आधीच घातलीय, त्यांनी त्या खोलीत शेगडी आणूच नये.

बंद न्हाणीघरात शेगडी किंवा बंब पेटवणं हा फरशीचा प्रश्न नाही, पण इथं लिहिलंच पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. गरगरायला लागलं की माणसाला उठून दार उघडायची ताकद राहत नाही. खिडकीची फट पुरत नाही. बंब बाहेरच हवा. निखाऱ्याची शेगडी ऊब म्हणून घेऊन दार लावून झोपणं तर नकोच नको.

काम बरोबर झालं का, हे कसं तपासायचं

आमच्याकडं तापमान मोजायची बंदूक असते. घरी मेणबत्ती पुरते. साधं मेण साधारण ६० अंशांच्या आसपास वितळतं. मेणबत्तीचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा एका पत्र्याच्या झाकणात घालून ओट्याखालच्या पोकळीत, बरोबर जाळाच्या खाली, सरकवा. एक पूर्ण मोठा स्वयंपाक करा, आणि स्वयंपाक संपल्यावर लगेच बघू नका. उष्णता खाली उतरायला वेळ लागतो, सगळ्यात जास्त तापमान चूल विझल्यावर तासाभरानंही येतं. दीड-दोन तासांनी झाकण बाहेर ओढा. तुकड्याच्या कडा नुसत्या गोल झाल्या असतील तर वारा थोडा कमी पडतोय, ओळींतली माती-राख साफ करा. पार वितळून पाणी झालं असेल तर इन्सुलेशनचा आणखी एक थर द्या किंवा विटांची ओळ आणखी एका विटेनं उंच करा. तुकडा जसाच्या तसा असेल तर ओट्याखाली गच्चीवर कुठलीही फरशी घाला, हौसेची घाला.

नवा ओटा झाल्यावर पहिल्या दिवशी रश्श्याचं पातेलं चढवू नका. विटांत, वाळूत, मातीत पाणी असतंच. दोन-तीन दिवस चिपाडांचा, शेणीचा मंद जाळ अर्धा-पाऊण तास, मग हळूहळू लाकडं. भट्टीलाही आम्ही नव्या लायनिंगनंतर अशीच वाळवून घेतो, आणि तिथं तर मालकाला मालाची घाई असते.